टाकीत विष कुणी कालवलं?

१

पांचोन टाकीत उताणा तरंगत होता. गळ्याभोवतीचे त्याचे पिसांसारखे कल्ले पांढरे पडले होते आणि अंग पिळलेल्या फडक्यासारखं वाकडं झालं होतं. हातातली तामाल्यांची बादली मी खाली ठेवली आणि किंचाळले.

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी टोमणे मारायला नकोत. सोचिमिल्कोच्या कालव्यांवर जन्म गेला, नावेतून तामाले, म्हणजे पानात उकडलेले मक्याचे मुटके, विकते, तरी नाव जरा डुलली की माझा हात काठाला जातो. पण मेलेलं जनावर बघून किंचाळण्याइतकी काही मी भित्री नाही. मी किंचाळले ते टाकीचं झाकण बघून. त्याची खाच मी नेहमी भिंतीकडे करते, म्हणजे हवेची नळी दबत नाही. आता खाच माझ्याकडे होती आणि नळी चेमटली होती. सकाळी मी गेल्यावर कुणीतरी झाकण काढलं होतं.

आणि घराच्या दाराला तर आतून कडी होती. मी ठोठावल्यावर बाबांनी ती उघडली होती, आणि मागचं दारही आतूनच बंद होतं.

पांचोन, ग्वेरा आणि चाता हे तिघं माझ्या आईचे आहोलोते, पाण्यात राहणारे सरड्याच्या आकाराचे जीव. बाहेरचे लोक त्यांना अ‍ॅक्सोलॉटल म्हणतात आणि त्यांच्या हसऱ्या तोंडाचे फोटो काढतात. आईनं ते आमच्या चिनाम्प्यावर, म्हणजे तळ्यातल्या आमच्या शेताच्या पट्टीवर, पाटाला वेताची जाळी लावून वाढवले. त्याच पाटाशी त्यांना खाऊ घालताना ती कोसळली आणि गेली, त्याला आता काही वर्षं झाली. ह्या उन्हाळ्यात माझ्या चुलतभावानं, गाउदेन्सियोनं, शेजारच्या पट्टीवर माती ओतून फुटबॉलची मैदानं केली. आमचा पाट गढूळ झाला, म्हणून तिघांना मी घरी आणलं.

टाकी लावण्यात मी कमी चुका केल्या नाहीत. आधी तळाला सुंदर गोटे घातले. पांचोननं त्यातला एक गिळला आणि तो बाहेर पडेपर्यंत माझा जीव टांगणीला. गोटे काढून बारीक वाळू घातली. मग जोरदार गाळणी बसवली, तर त्या प्रवाहानं तिघंही कोपऱ्यात कल्ले मिटून बसले. तीही काढली, स्पंजची साधी गाळणी लावली. मोठी काच आणली, घरातल्या सगळ्यात गार खोलीत ठेवली, लपायला फुटकी मडकी पालथी घातली, नळाचं पाणी पिंपात मुरवून मगच ओतायला लागले. हळूहळू त्यांचे कल्ले पुन्हा लालभडक झाले. मग मी फर्मान काढलं की टाकीत माझ्याशिवाय कुणीही काहीही घालायचं नाही.

मृतांचे दिवस, म्हणजे गेलेली माणसं घरी येतात तो सण, जवळ आले होते. त्याच खोलीत वेदी मांडलेली होती. आईचा फोटो, झेंडू, धूप, साखरेच्या कवट्या. बाबांनी दारापासून पाकळ्यांची वाट घातली होती, आई चुकू नये म्हणून. त्या पाकळ्या तुडवत बाबा टाकीजवळ आले, पांचोनकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"ओतिलिया," ते पुटपुटले, "ते घरात शिरले गं."

२

"ते" म्हणजे गाउदेन्सियो आणि त्याची माणसं. त्याला आमची पट्टीही हवी होती. बाबा नाही म्हणत आले होते. शेवटी त्यानं धक्क्यावर, चारचौघांत, बाबांच्या खांद्यावर हात टाकून म्हटलं होतं, "काका, पाण्यावरची माणसं आणि पाण्यातली जनावरं, दोन्ही पटकन मरतात. जपा हं." सगळे हसले. बाबाही हसले, पण त्या दिवसापासून ते चिनाम्प्यावर गेले नाहीत. त्यांनी लावलेला झेंडू तिथे तसाच उभा होता आणि वेदीसाठी वहिनीनं रोपवाटिकेतून कुंड्या विकत आणल्या. झेंडूच्या गावात झेंडू विकत!

मी टाकीतलं निम्म्याहून जास्त पाणी बदललं, नळी सरळ केली, दाराला कडीखेरीज बाक लावला. ग्वेरा आणि चाता पुन्हा चांगल्या खायला लागल्या. मला वाटलं, नळी दबून हवा बंद पडली असेल, बस्स. असं म्हणून स्वतःची समजूत घालायला मी पटाईत आहे.

एक दिवस बरा गेला. दुसऱ्या दुपारी धक्क्यावरून परतले तर ग्वेरा, ती फिकट गुलाबी, टाकीत वेड्यासारखी गिरक्या घेत काचेवर आपटत होती. माझ्या हातातच तिनं अंग पिळलं आणि ताठ झाली. चाता मडक्याखाली थरथरत होती. तिला मी बादलीत, पिंपाच्या पाण्यात घातलं आणि बादली माझ्या पलंगाखाली सरकवली.

बाक बाबांनी माझी हाक ऐकूनच हलवला होता. कडीही तेव्हाच काढली होती.

"मी इथेच होतो," बाबा म्हणाले. "डुलकीसुद्धा घेतली नाही. कुणी आलं नाही, ओतिलिया. आणि तरी आलं." त्यांनी बाक पुन्हा दाराला टेकवला. "आज तिची जनावरं, उद्या तू. मी उद्या सकाळी नोटरीकडे जाऊन सही करतो. घेऊ दे त्याला माती."

आईची माती! मला रडू फुटलं, पण खरं सांगते, रडण्याच्या आत कुठेतरी सुटकाही वाटली. एवढी मी घाबरले होते. मग स्वतःची लाज वाटली आणि मी शाल घेऊन एर्मेलिंदाकडे पळाले.

३

एर्मेलिंदा, सगळे तिला मानानं दोन्या म्हणतात, ती माझ्या मुलीची धर्ममाता, म्हणजे आम्ही एकमेकींच्या कोमाद्रे. सरकारी वकिलांच्या कचेरीत तिनं उभं आयुष्य लोकांचे जबाब टंकून काढले. खुनी, चोर, सवती, सगळ्यांचे. आता गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे.

"कोमाद्रे, तू अशी थरथरतेयस की तूच टाकीतून बाहेर आल्यासारखी," ती म्हणाली आणि काठी घेऊन निघाली.

ती खोलीत आली आणि टाकीकडे न बघता वेदीसमोर उभी राहिली. आईसाठी वेदीवर ठेवलेल्या मृतांच्या गोड पावावर मुंग्यांची रांग लागली होती, साखरेच्या कवटीच्या डोळ्यातून आत-बाहेर चाललेली. एर्मेलिंदानं ती रांग बराच वेळ बघितली. मग झेंडूच्या कुंड्यांखालच्या कापडावरून काहीतरी चिमटीत उचललं. मेलेली मधमाशी होती. तिच्याशेजारी दोन-चार मुंग्याही मरून पडलेल्या होत्या.

"रोज असंच?" तिनं विचारलं.

"रोज झाडते," मी म्हणाले. "फुलं म्हटली की माश्या येणारच."

"येतात गं. पण मरायला येत नाहीत."

मग तिनं वहिनीला बोलावलं. नियेवेस माझ्या दिवंगत भावाची बायको, आमच्याकडेच राहते. जीभ तिखट, छाती कायम खोकल्यानं भरलेली.

"तू ओतिलियाकडे एक आहोलोते मागितला होतास?" एर्मेलिंदानं विचारलं.

"मागितला होता. काढा करायला. माझी आजी करायची, खोकला पळायचा. हिनं माझ्यावर डोळे असे वटारले की मी हिच्या पोटच्या पोरीचाच काढा मागितला!"

"आणि ह्या मुंग्यांसाठी औषधाचा डबाही आणलाच असशील?"

नियेवेसचा चेहरा उतरला. त्या डब्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं.

"आणलाय," ती हळूच म्हणाली. "सासऱ्यांनी फवारू दिलं नाही. म्हणाले, वेदीवर विष उडवायचं नाही, तुझी सासू ते खायला येणारेय. डबा फोडलेलासुद्धा नाही, बघा हवं तर. आणि इतके प्रश्न विचारताच आहात तर हेही विचारा, की माझी आतोल्याची, मक्याची पेज गाळायची, गाळणी मधूनमधून कोण ओली करून टांगतंय? त्या दिवशी आतोले गाळलं तर कसला तरी उग्र वास. फेकून दिलं सगळं."

डबा खरंच फोडलेला नव्हता. एर्मेलिंदानं मान डोलावली. "फवारलं असतं तर आधी ह्या मुंग्या मेल्या असत्या. त्या तर सणाचं जेवतायत."

"मग गाउदेन्सियोच," मी म्हणाले.

"चल, त्याला विचारू."

"मी? त्याला?"

"तू मागे उभी राहा. मागे उभं राहणं तुला छान जमतं."

४

गाउदेन्सियो धक्क्यावर मक्याचं कणीस खात बसला होता. आम्हाला बघून तो उठला आणि एर्मेलिंदाला बसायला खुर्ची दिली. त्याच्या त्या नम्रपणाचीच मला जास्त भीती वाटली.

"काकांची जनावरं मेली? ऐकलं मी," तो म्हणाला. "वाईट झालं."

"तू मारलीस का?"

तो मोठ्यानं हसला. "दोन्या, मला काकांना घाबरवायचंय, हे मी कुणापासून लपवत नाही. पण मी मारली असती तर धक्क्यावर ओरडून सांगितलं असतं. मी केलं हे त्यांना कळलंच नाही तर घाबरवून मला काय मिळणार? आणि बंद घरात शिरायला मी काय मांजर आहे?" मग तो माझ्याकडे वळला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "पण ओतिलिया, जे झालं ते माझ्या पथ्यावर पडलं, हे मात्र खरं. त्यांचा निरोप आलाय, उद्या सकाळी नोटरीकडे. काकांना गरम कपडे घालून आण."

परतताना नावेत मी काठ घट्ट धरून बसले होते. "तोच आहे," मी म्हणाले. "त्याचे डोळे बघितलेस?"

"डोळे मी टंकत नव्हते, वाक्यं टंकत होते," एर्मेलिंदा म्हणाली. "खोटं बोलणारा माणूस सांगत बसतो की तो त्या वेळी कुठे होता. ह्यानं ते सांगितलंच नाही. त्याला तसं वाटलंच नाही की सांगावं लागेल."

घरी आल्यावर तिनं माझ्याकडे पाणपिसवा मागितल्या. चाताला चारायला मी त्या मागच्या दारी टबात पाळते. ठिपक्याएवढ्या, सतत उड्या मारणाऱ्या. तिनं दोन वाट्या घेतल्या. एकीत पिंपाचं पाणी, एकीत टाकीचं. दोन्हींत पिसवा सोडल्या आणि आम्ही स्वयंपाकघरात बसलो. पिंपाच्या पाण्यात त्या नाचत राहिल्या. टाकीच्या पाण्यात आधी त्या गरगर फिरल्या, अगदी ग्वेरासारख्या, आणि मग एकेक करून तळाला गेल्या.

"हवा बंद पडून नव्हे," एर्मेलिंदा म्हणाली. "किड्यांचं औषध आहे ह्यात. आणि तू पाणी बदलल्यावर ते पुन्हा पडलंय, कारण मधे एक दिवस ग्वेरा चांगली होती."

"पण आलं कोण? कडी आतून, बाक आतून..."

तिनं माझा हात धरला. माझा हात गार होता आणि तिचाही काही ऊबदार नव्हता.

"कुणी आलंच नाही, कोमाद्रे. विष घरातल्याच हातानं पडलंय."

५

मी उठून स्वयंपाकघराचं दार लावलं. पलीकडच्या खोलीत नियेवेस खोकत होती. त्या बाईच्या हातचं मी रोज जेवते, हे मला आठवलं. बाहेरचा शत्रू परवडला. त्याच्यासाठी कडी तरी लावता येते.

"तिचं नाव घेऊ नकोस अजून," एर्मेलिंदा माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली. "आधी मला स्पंज दे."

मी टाकीतली गाळणी काढली. स्पंज पिळला. पाण्याबरोबर नारिंगी रंगाचे बारीक तुकडे तिच्या तळहातावर पडले. झेंडूच्या पाकळ्यांचे होते.

"टाकीवर झाकण असतं," ती म्हणाली. "वाऱ्यानं उडून पडल्या म्हणायची सोय नाही."

ती खोलीत गेली आणि काठीनं जमिनीवरची पाकळ्यांची वाट दाखवली. दारापासून ती वेदीपर्यंत जात होती. पण मध्यावर तिला एक फाटा फुटला होता, आणि तो टाकीच्या पायाशी संपत होता. मी ते रोज बघत होते. झाडताना पसरलं असेल असं समजून रोज त्यावरून चालत होते.

एर्मेलिंदानं वेदीवरच्या कुंडीतल्या मूठभर पाकळ्या तिसऱ्या वाटीत, पिंपाच्या स्वच्छ पाण्यात कुस्करल्या आणि पिसवा सोडल्या. आम्हाला फार थांबावं लागलं नाही. त्याही गरगरल्या आणि तळाला गेल्या.

"रोपवाटिकेची फुलं," ती म्हणाली. "सणाला एकही कीड दिसू नये म्हणून पुन्हा पुन्हा फवारलेली. मधमाशी बसली की मेली. पावावरच्या मुंग्या जिवंत, फुलांखालच्या मेलेल्या. तिथेच मला शंका आली होती. तुमचा स्वतःचा झेंडू असा कधी होता?"

"बाबा औषध मारत नाहीत. आईला चालायचं नाही, पाटात जातं म्हणायची."

"आणि तुझी आई कुठे गेली?"

"पाटाशी. पाण्यातच अर्धी..." माझं लक्ष टाकीकडे गेलं.

दरवर्षी ह्या दिवसांत बाबा एकटे चिनाम्प्यावर जायचे. आम्ही कुणी बरोबर जात नसू. नवरा-बायकोचं काय ते त्यांचं त्यांचं. ते तिथे काय करतात हे मी कधी विचारलं नव्हतं, पण नंतर तिकडे गेल्यावर मी पाहिलं होतं. पाटाचं पाणी नारिंगी झालेलं असायचं. आई दारातून येणार नाही, पाण्यातून येणार, असं त्यांचं म्हणणं असावं. ह्या वर्षी ते भीतीनं तिकडे गेले नाहीत. आईचं पाणी म्हणून घरात एकच पाणी होतं, तिच्या जनावरांच्या टाकीचं. हे मी तिला सांगितलं.

"दुपारी तू धक्क्यावर, नियेवेस बाजारात," एर्मेलिंदा म्हणाली. "तुझा बाप परातभर पाकळ्या टाकीत सोडायचा, प्रार्थना करायचा, आणि तू ओरडशील म्हणून आतोल्याच्या गाळणीनं सगळ्या काढून घ्यायचा. झाकण मात्र घाईत उलटं बसलं. त्याच्या मनात हे येणारच नाही. इतकी वर्षं पाण्यात झेंडू सोडला, कधी काही मेलं नाही."

आतून बाबांचा आवाज आला. ते नियेवेसला विचारत होते की त्यांचा काळा कोट कुठे आहे. सकाळी घालायचा होता.

"नको," मी म्हणाले. "कोमाद्रे, हे त्यांना नको सांगूया. ते मरतील."

"नाही सांगितलंस तर उद्या सही करतील, न आलेल्या माणसाला भिऊन. सांगितलंस तर रडतील." ती खुर्चीत टेकली. "मी जबाब फक्त टंकते. द्यायचा तुला आहे."

६

बाबा पलंगावर कोट मांडीवर घेऊन बसले होते. मी खाली त्यांच्या पायाशी बसले. इतकी घाबरले होते की पहिलं वाक्य दोनदा अर्ध्यावर सोडलं. मग सगळं सांगून टाकलं. पिसवा, स्पंज, फुलं, गाळणी.

"म्हणजे मी मारली," ते म्हणाले. "माझ्या एउलोहियाची पोरं. मीच."

"तुम्हाला माहीत नव्हतं, बाबा."

ते रडले. म्हातारा माणूस रडतो तसे, आवाज न करता, नाक पुसत. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि मीही रडले. मला वाटलं, आता हे पुन्हा कधी उठणारच नाहीत, आणि हे मी माझ्या तोंडानं केलं.

डोळे पुसून त्यांनी विचारलं, "मग घरात कुणी शिरलंच नव्हतं?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही, बाबा."

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग कोट घडी करून उशाशी ठेवला आणि आडवे झाले.

सकाळी मी चाताचं पाणी बदलत होते. तिचे कल्ले पुन्हा लाल व्हायला लागले होते, बोट पुढे केलं तर तोंड उघडत होती. टाकी मी रिकामी करून घासली होती. वाळू, स्पंज, मडकी, सगळं फेकलं होतं. पुन्हा सगळं पहिल्यापासून लावायचं होतं, आणि पाणी मुरेपर्यंत चाताला बादलीतच राहावं लागणार होतं. तेवढ्यात मागच्या दारातून नावेच्या साखळीचा आवाज आला. बाबा गवती टोपी घालून नावेत उभे होते, हातात विळा.

"नियेवेसला सांग, त्या कुंड्या बाहेर फेक," ते म्हणाले. "आणि तू चल. टोपल्या घे."

"कुठे?"

"फुलं आणायला. आज ती येणार, आणि घरात विषारी फुलं."

मी गेले. एका हातानं काठ धरून गेले, पण गेले. आमच्या पट्टीवरचा झेंडू माणसाच्या कमरेएवढा झाला होता, कापायला उशीर झाल्यानं वाकलेला, मधमाश्यांनी भरलेला. शेजारच्या मैदानावर गाउदेन्सियो दोन माणसं घेऊन उभा होता. त्याला बघून मी टोपली छातीशी धरली. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि खाली बसून पहिली जुडी कापली.

"काका!" गाउदेन्सियोनं हाक मारली. "नोटरी वाट बघतोय."

"बघू दे."

"काका, मी तुम्हाला सांगितलं होतं..."

"सांगितलं होतंस. घाबरलोही होतो." बाबांनी दुसरी जुडी कापली, तिसरी कापली. आवाज चढला नाही. "घाबरून तुझ्या काकूची दोन पोरं मी माझ्या हातानं मारली. आता तू ह्याहून वाईट काय करणार आहेस, सांग?"

गाउदेन्सियो एक पाऊल मागे सरला. त्याची माणसं पायाखालच्या हिरवळीकडे बघत राहिली. थोड्या वेळानं ते तिघं मैदानाच्या पलीकडे निघून गेले. उद्या परत येतील, हे मला माहीत होतं, बाबांनाही माहीत होतं. बाबांनी हातभर फुलं बाजूला काढली, पाटाशी गेले आणि माझ्यासमोर पहिल्यांदाच, एकेक पाकळी तोडून पाण्यावर सोडायला बसले. "ये," ते म्हणाले, "तुझीही आईच होती," आणि सरकून त्यांनी मला जागा करून दिली.